पानसेबाई साखरेत पहिल्या

कसबा पेठेत साखर बऱ्याच जणांना होती, पण साखरेत पहिला नंबर यायचा तो फक्त आनंदीबाई पानसे यांचा.

बाई प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून, मुख्याध्यापिकापणातून नव्हे. त्या समोर उभ्या राहिल्या की भाजीवाला आधी नखं लपवायचा आणि मग भाव सांगायचा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अवधूत आणि सून कादंबरी, दोघंही खराडीला आयटीत. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून सकाळी बाहेर पडायचे आणि अमेरिका कामाला लागली की परत यायचे. फ्लॅट नवव्या मजल्यावर. बाई मात्र पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहत आणि तिथून हलायचं नाव काढत नसत.

दिवाळीत अवधूतने विषय काढलाच. "आई, लिसन. तुझी शुगर कंट्रोलमध्ये आहे तोपर्यंत नो इश्यू. पण एक जरी रिपोर्ट हाय आला ना, तर वी आर शिफ्टिंग यू. नॉन-निगोशिएबल."

"आणि आई, आमच्याकडे क्लबहाउसमध्ये लाफ्टर योगा असतो सीनियर सिटिझन्ससाठी," कादंबरी म्हणाली.

"हसण्यासाठी मला लिफ्ट लागत नाही," बाई म्हणाल्या.

पण रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढे तो नववा मजला तरंगत राहिला. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी. मग ओरडायचं कोणावर?

म्हणजे प्रश्न साखरेचा नव्हताच. प्रश्न रिपोर्टचा होता. आणि परीक्षा कशी पास व्हायची हे ज्या बाईंनी अख्ख्या पेठेला शिकवलं, त्यांना ते कोणी शिकवायला हवं होतं थोडंच?

रक्ततपासणी ठरली की बाईंची उजळणी सुरू व्हायची. तीन दिवस भात बंद, गोड बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी शनिवारवाड्याला फेऱ्या. परीक्षेच्या दिवशी एक गोळी जास्त, पुरवणी जोडल्यासारखी. जेवणानंतरचं रक्त द्यायचं असेल तर जेवण म्हणजे मुगाचं कढण आणि चार घास कोशिंबीर. रिपोर्ट असा यायचा की लॅबवाल्याने मान झुकवावी. आणि निकाल लागला की बाई रिवाजाप्रमाणे अर्धा किलो पेढे घेऊन आळीत वाटायच्या. त्यातले चार स्वतःच्या तोंडात. पास झाल्यावर मुलाने खेळायचं नाही तर कधी?

उरलेले तीन महिने मग सुट्टी. सुट्टीत अभ्यास करणारं मूल बाईंना कधीच आवडलं नव्हतं.

त्यांचे डॉक्टर योगेश गावंडे. अकोल्याचे. जुने डॉक्टर थकले तेव्हा त्यांचा दवाखाना, खुर्च्या आणि पेठेतले पेशंट असं सगळं यांनी एकत्रच विकत घेतलं. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही गोळ्या वेळेवर घेऊन राहिल्या ना?"

"डॉक्टर, मी गोळ्या घेते. राहते मी शेजारच्या आळीत."

"हो का? मी दोन्ही विचारून राहिलो होतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. बाईंनी मनातल्या मनात त्यांना हजेरीपटावर घेतलं.

डॉक्टर नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन 'रुग्णाचा सहभाग' हा शब्द घेऊन आले होते. पेशंटने स्वतःच्या तब्येतीची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली की दवाखान्यावरचा भार कमी होतो म्हणे. त्यांनी लगेच पाटी लावली : आपले आरोग्य, आपला सहभाग. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं : सहभागी झाल्यास फी कमी होते काय? चौकशी करावी.

पण सहभाग म्हणजे काय, हे दाखवायला डॉक्टरांकडे पानसेबाई होत्या. बाईंचा रिपोर्ट हातात धरून ते बाकावरच्या पेशंटांना म्हणायचे, "हे पाहा. याले म्हणतात सहभाग! बाईंची तर मी गोळीच अर्धी करून टाकली."

बाक बाईंकडे बघायचा. बाई छताकडे बघायच्या, विनयाने.

मग व्हायचं तेच झालं. तांब्याची भांडी घडवणारे दत्तोबा संध्याकाळी बाईंच्या दारात. "बाई, माझी दोनशे ऐंशी आली हो."

"आली म्हणजे? आणलीत तुम्ही! तपासणीच्या आदल्या रात्री काय खाल्लंत?"

"साखरपुडा होता भाचीचा."

"परीक्षेच्या आदल्या रात्री साखरपुडा! शाबास. बसा. वही नको, डोक्यात ठेवा."

पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या यमुनाबाई आल्या. मग त्यांच्या जावा आल्या. पुढच्या तिमाहीत सगळी आळी उत्तीर्ण झाली. डॉक्टरांनी भराभर गोळ्या कमी केल्या. एवढा सहभाग त्यांना परिषदेतही कोणी दाखवला नव्हता.

एकच गोष्ट त्यांना कळेना. रिपोर्ट सुधारत होते आणि पेशंट बिघडत होते. दत्तोबांच्या तळपायाला मुंग्या. यमुनाबाई रात्रीत तीन-चार तांबे पाणी संपवायच्या आणि तेवढ्याच वेळा उठायच्या. आणि खुद्द पहिल्या आलेल्या बाईंच्या पायाच्या अंगठ्याला, अवधूतने आणलेल्या महागड्या बुटांनी, फोड आला तो भरेचना.

"बाई, साखर इतकी चांगली, तर हे बोट काहून भरून नाही राहिलं?"

"बूट परदेशी आहेत. जखमही परदेशी असेल," बाई म्हणाल्या. पण पाय त्यांनी पदराखाली ओढून घेतला.

तेवढ्यात बाकावरून दत्तोबा कौतुकाने म्हणाले, "डॉक्टर, माझी परवा तपासणी आहे. आजपासून भात बंद केला बघा! बाईंचा क्लास लावलाय ना. हमखास पास करतात."

डॉक्टरांनी दत्तोबांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि हसलेसुद्धा नाहीत. "बाई, दंडाची बाही वर घ्या. आत्ताच रक्त घेऊन टाकतो."

"आत्ता? अहो, मी जेवून आलेय! तयारी नाही काही!"

"या तपासणीला तयारी लागतच नाही."

दोन दिवसांनी निकाल आला. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "नऊ पूर्णांक आठ."

"कितीपैकी?"

"पैकी नसते, बाई. सातच्या आत पाहिजे."

"म्हणजे मला जास्त मिळाले."

"जास्त मिळाले म्हणूनच नापास. ही तीन महिन्यांची सरासरी आहे. तीन दिवस उपाशी राहून ती बदलत नसते. रक्ताले सगळं आठवते."

बाईंचा चेहरा उतरला. त्याच वर्षी सरकारने शाळेतल्या जुन्या परीक्षा काढून सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं होतं. मुलाकडे वर्षभर बघत राहायचं म्हणे. बाईंनी त्याविरुद्ध वर्तमानपत्राला खरमरीत पत्र पाठवलं होतं आणि ते छापूनही आलं होतं. आता तेच मूल्यमापन त्यांच्याच दंडातून काढलं होतं.

"हे न सांगता बघत राहणं आहे, डॉक्टर. फसवणूक आहे."

"असेल. पण मी तुमच्या रिपोर्टवर भरोसा ठेवून गोळी अर्धी केली. बोट तुमचं आहे, बाई. गेलं तर माझं नाही जाणार." डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि दत्तोबांची गोळी कमी केली. यमुनाबाईंची कमी केली. मी कोणाचा इलाज करून राहिलो होतो? त्या तीन दिवसांचा?"

बाईंनी कागद पालथा घातला. "म्हणजे माझा सगळा वर्ग..."

"सगळा वर्ग नापास."

नोकरीच्या अख्ख्या काळात हे वाक्य त्यांनी दुसऱ्या शिक्षकांना ऐकवलं होतं. ऐकायला कसं लागतं ते आज कळलं.

"अवधूतला कळवणार तुम्ही?"

"मी काहून कळवू? सहभाग तुमचा आहे. तुम्हीच सांगा."

सांगावं लागलं. फोनवर अवधूतने आधी उसासा टाकला, मग इंग्रजी. "आय न्यू इट. सॅटर्डेला टेम्पो पाठवतो."

"अवधूत, सातवीत तुझं गणित राहिलं होतं. मी तुला कुठे टेम्पोत घातलं होतं का?"

"आई, दॅट वॉज डिफरंट."

"एक विषय राहिला म्हणून शाळेतून नाव काढत नाहीत. तीन महिने दे."

पलीकडे कादंबरी काहीतरी कुजबुजली. "ओके. वन क्वार्टर," अवधूत म्हणाला. "देन वी रिव्ह्यू."

दुसऱ्याच संध्याकाळी बाईंनी क्लास बोलावला आणि उभ्याउभ्याच जाहीर केलं, "आपण सगळे नापास झालो आहोत. मी धरून. यापुढे उजळणी बंद. जे खाल ते रोजच्यासारखं खायचं, रोज थोडं कमी खायचं, आणि डॉक्टरांना जसंच्या तसं सांगायचं. खाडाखोड केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

"बाई, काल जिलबी खाल्ली," दत्तोबा म्हणाले.

"मला कशाला सांगता? त्यांना सांगा!"

आणि लोक खरंच सांगू लागले. दवाखान्यावरचा भार कमी व्हायचा राहिला बाजूला, रांग जिन्यापर्यंत गेली. कारण खोटं बोलायला एक मिनिट लागायचं आणि खरं सांगायला अर्धा तास. यमुनाबाई तर लग्नाच्या पंगतीतला एकेक पदार्थ वाढपी आला त्या क्रमाने सांगायच्या. डॉक्टर डोकं धरून म्हणायचे, "सांगा, बाप्पा, सांगा. ऐकून राहिलो."

बाईंच्या गोळ्या पूर्ववत झाल्या, वर एक नवीही आली. अंगठ्याला रोज पट्टी. परदेशी बूट माळ्यावर गेले आणि जुनी चप्पल खाली आली. सगळ्यात कठीण गेला तो बिनपरीक्षेचा मंगळवार. कोणी बघत नसताना दुसऱ्यांदा भात नको म्हणणं. हे बाईंनी मुलांना कधी शिकवलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी बाई दवाखान्यात उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

"सात पूर्णांक नऊ," डॉक्टर म्हणाले. "सातच्या आत नाही आली."

बाईंनी मान खाली घातली. नववा मजला पुन्हा तरंगू लागला.

"पण उतरून राहिली. आणि बोट पुरतं भरलं. चला, बाई, यंदा वर घालून राहिलो."

वर घातलं! म्हणजे नापासच, पण पुढच्या वर्गात ढकललेलं. अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना बाई पेन दोन बोटांत धरायच्या, मेलेलं झुरळ उचलल्यासारखं. तेच दोन शब्द आज त्या पदरात बांधून घराकडे निघाल्या. वाटेतच अवधूतला फोन लावला. "वर घातलं मला."

"मीन्स पास?"

"मीन्स टेम्पो नको."

कोपऱ्यावरच्या पेढेवाल्याने बाईंचा चेहरा लांबूनच वाचला आणि सवयीने खोका उघडला. "लागला वाटतं निकाल? अर्धा किलो ना?"

"मिटवा तो खोका," बाई म्हणाल्या. "वर घातलेल्यांनी पेढे वाटायचे नसतात."