श्रीखंडाच्या डब्यातला प्रवासी

मुलुंडला जायचं कारण आमच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे बसलं होतं. तळहाताएवढं, केसाळ, आठ पायांचं. आमची बोरीवलीची सोसायटी जंगलाच्या भिंतीला लागून, त्यामुळे माकडं ओळखीची. टॅरँटुला कोळी मात्र पहिलाच. आईने चप्पल उचलली. झुरळालाही घाबरणारी मी मध्ये का पडले, देव जाणे. श्रीखंडाचा रिकामा डबा त्याच्यावर उपडा घातला आणि खालून कॅलेंडरचं पान सरकवलं.

"लांब नेऊन सोड गो त्येका, नायतर उंदरासारखो परत येतलो," आई म्हणाली.

आमच्याकडे उंदीरही दोन सिग्नल ओलांडून सोडतात. हा तर थेट जंगलाच्या पलीकडे, मुलुंडच्या मामाकडे न्यायचं ठरलं. मामा जीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक.

तुम्हीही निघालात तर रविवारी सकाळी पवईवरून जाणारी एसी बस घ्या आणि झाकणाला भोकं पाडा. शेजारी बसलेल्या बाईने "श्रीखंड का?" विचारलं, तर हो म्हणा. मी खरं सांगितलं, आणि मुलुंडपर्यंत अख्खी सीट मला एकटीला मिळाली.

मामाने डब्यात डोकावून कपाळावर हात मारला. "अगं, हा नर! वयात आला की बीळ सोडतो आणि मादी शोधत हिंडतो. डोळे आठ, पण दिसतं बेताचंच. पायांवरच्या केसांनी थरथर, वास ओळखत जातो. तिने बिळाच्या दारात रेशमी धागे पसरलेले असतात. ते लागले की हा पायांनी ठकठक करतो. एवढा एकच हंगाम असतो गं त्याला! आणि तू नवरदेवाला मुलुंडला आणलंस?"

मला फार वाईट वाटलं. मामीचं वालाचं बिरडं झकास होतं, पण घाईघाईत गिळलं आणि परतीची बस धरली.

संध्याकाळी आईला सगळी हकीकत सांगितली आणि तिच्यासोबत सोसायटीमागच्या उतारावर जाऊन डबा आडवा केला. तो हलेना. मेला की काय, म्हणून मी वाकून पाहिलं. मग एक पाय पुढे आला, त्याने माती चाचपली. मग दुसरा. आणि तो सरळ झाडीकडे चालू लागला. मला मामाचं घर मॅप लावूनही दोनदा चुकलं होतं.

"जा रे बाबा, उशीर झालो तुका," आई म्हणाली. तिची चप्पल पायातच होती.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी नवं स्थळ काढलं. मी म्हटलं, "बघ, ती कोळीण बिळातून हलली नाही, तरी स्थळ चालत येतंय."

"ता खरा," आई म्हणाली. "पण तिणा दारात धागो तरी टाकलेलो. तू बेल वाजली तरी उठणस नाय."