घरातलं नाव

"आपण बसावं," असं म्हणत काका स्वतः उठून उभे राहायचे. दारात कोण आलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. टोपली घेऊन येणाऱ्या मासेवालीला ते विचारत, "आज आपण काय आणलंत?" ती बिचारी आधी मागे वळून बघायची, आणि मग एखादा बांगडा जास्तच टाकायची. पडवीत शिरलेल्या कुत्र्याला "आपण बाहेर व्हावं" असं म्हणताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय. कुत्रं जायचंसुद्धा.

असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. सगळे त्याचं कौतुक करत असतील. आम्हीही करत होतो.

मी पत्रकं लिहिणारा. पत्रकात माणसं दोनच प्रकारची असतात, आपली आणि त्यांची. काका आपले, हे मी पहिल्या भेटीतच ठरवून टाकलं होतं, कारण ते आमचं काम फुकट करत होते आणि वर चहा देत होते.

काम असं होतं. आमच्या खाडीकाठची खाजणं, म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती, कोळंबीच्या एका प्रकल्पासाठी घेतली जाणार होती. नोटिशीत त्या जमिनींना 'पडीक' म्हटलं होतं. पडीक! माझा चळवळीतला जोडीदार गणू, त्याच्या बापाची कंबर त्या बांधावर चिखल टाकून टाकून गेली, आणि जमीन पडीक! सुनावणी प्रांत कचेरीत होती. वकील म्हणाले, "हरकत इंग्रजीत करा, मुद्देसूद करा. पुढं मुंबईला जायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडेल." आमचं इंग्रजी घोषणांपुरतं. काका कोर्टातून स्टेनो म्हणून निवृत्त झालेले, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर राहणारे. मी आणि गणू त्यांच्याकडे गेलो ते तसे.

मी मराठीत लिहून नेत असे, काका इंग्रजीत घेत असत. मी 'नराधम भांडवलदार' लिहिलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "हे 'नराधम' जरा राहू द्यावं का? 'प्रस्तावक' म्हणू या."

"काका, तो माणूस शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढतोय!"

"काढतोय ना. तेच लिहू. घास काढणारा प्रस्तावक. शब्द लागतो हो माणसाला."

गणू मला कोपरानं ढोसायचा. "बघ मेल्या. शीक काय तरी."

एक पान टाइप झालं की माझा मराठी कागद काका फाडून टाकत, चार सारखे तुकडे करून. एका मजकुराच्या दोन प्रती म्हणजे दोन साक्षी, वाद व्हायचाच, असा त्यांचा हिशेब. कोर्टाची सवय. आम्हाला गंमत वाटायची.

टाइप ते करत कॉम्प्युटरवर. तेव्हा रत्नागिरीत घरात कॉम्प्युटर म्हणजे लोक लांबून बघायला येत. काकांचा मुलगा सतीश बोटीवर इलेक्ट्रिकलचा ऑफिसर. त्यानं सिंगापूरहून आणलेला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि वर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. चपला बाहेर काढून आत जायचं. प्रिंटरही होता, पण त्याची रिबीन सुकली होती आणि नवी कोल्हापूरहून यायची होती. म्हणजे आमची सगळी हरकत, बांधाच्या लांबीपासून भरतीच्या पाण्यापर्यंत, त्या एका खोक्याच्या पोटात होती. दुसरीकडे कुठंही नव्हती.

मध्येच माझ्या एका मुंबईच्या मित्रानं खेळाची फ्लॉपी दिली आणि मी ती त्या मशीनमध्ये घातली. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर एक ठिपका चेंडूसारखा टणाटण उड्या मारायला लागला. गणू खूश. "काका, हे बरं हाय. काम करता करता क्रिकेट." पण काकांनी टाइप केलेल्या ओळींतून तो चेंडू फिरत राही आणि काकांना घाम फुटे. सतीश तेव्हाच रजेवर आला होता. त्यानं सांगितलं, हा व्हायरस आहे, एका फ्लॉपीतून दुसरीकडे जातो. झालं. काकूंनी आमचा फ्लॉपीचा डबा उचलून पडवीत ठेवला आणि आम्हाला आत येण्याआधी साबणानं हात धुवायला लावले. "हसू नका. त्या सोनारआळीत कावीळ अशीच पसरली."

सतीशला मी त्या रजेतच काय तो नीट बघितलं. हसरा, खांद्यानं रुंद माणूस. बाप खोलीत आला की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. बापलेकांमध्ये असतं काहीतरी, असं मी समजलो. मशीन साफ करून तो बोटीवर जायला मुंबईला निघून गेला.

त्यानंतर काका आम्हाला टाळायला लागले. आज वीज नाही. आज काकूंना बरं नाही. आज आपण उद्या यावं. सुनावणी सोमवारी. कोल्हापूरची रिबीन येऊन पडली होती. रविवारी सकाळी मी पडवीत ठाण मांडलं आणि माझ्या सभेतल्या आवाजात विचारलं, "काका, तुमच्यावर कुणाचा दबाव आलाय का? स्पष्ट सांगा."

काका उभेच होते. "दबाव नाही. मशीनला कुलूप आहे."

सतीशनं जाताना पासवर्ड लावला होता. परक्या फ्लॉप्या पुन्हा आत जाऊ नयेत म्हणून. बटण दाबलं की पडदा एक शब्द मागायचा. तीनदा चुकलं की मशीन लांब शिट्टी मारून थिजायचं, मग बंद करून पुन्हा सुरुवात.

"मग शब्द काय?"

"तो म्हणाला, बाबांनी विचारलं तर सांगीन."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

काका चष्मा पुसत राहिले. गणूच्या बापाची जमीन त्या खोक्यात, आणि हा माणूस मुलाला एक प्रश्न विचारू शकत नाही! मला राग आवरेना. तेवढ्यात काकू पायरीवर आल्या. त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे सतीशचा फोन यायचा. त्या तिथूनच येत होत्या.

"मी विचारलं त्याला," काकू म्हणाल्या. "आज बोट सुटते त्याची. म्हणाला, बाबा मला ज्या नावानं हाक मारतात, तेच घातलंय."

"मग झालं की!" मी आत पळालो. S-A-T-I-S-H. पडद्यानं नाकारलं. गणू म्हणाला, "घरातलं नाव असंल. सत्या घाल." नाही. "बाळ घाल. आमच्यात समद्यांना बाळच म्हंतात." शिट्टी. पुन्हा सुरू केलं. बंड्या, बाबू, सतू. आम्ही हसत होतो. गणू तर लग्नात नवरीला नाव घ्यायला लावतात तसा काकांच्या मागं लागला. "काका, घ्या की नाव! लाजताव कशाला?"

काका आरामखुर्चीच्या कडेवर बसले होते. हसत नव्हते.

"तुम्ही सांगताय," काकू म्हणाल्या, "की मी सांगू?"

आमचं हसू तिथंच संपलं. काकांनी आमच्याकडे न बघता म्हटलं, "आपण जरा पडवीत बसता का?"

आम्ही बाहेर बसलो. आतून कळांचा आवाज आला. कोर्टातल्या माणसाची बोटं, ठाम, एकसारखी. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. मग शिट्टी. मशीन बंद केल्याचा, चालू केल्याचा खटका. पुन्हा शिट्टी. गणू माझ्याकडे बघत होता, मी समोरच्या माडाकडे.

शेवटी काका दारात आले. चौकटीला धरून उभे राहिले. त्या माणसाला मी कधी कुठं टेकून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"आपल्याला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "करंटा. हे इंग्रजी अक्षरांत आपण कसं लिहाल?"

शब्द तसा कुणीही वापरतो. माझी आई मला दिवसातून एकदा करंट्या म्हणते आणि वर लाडू देते. पण काकांनी तो ज्या तऱ्हेनं उच्चारला त्यावरून कळलं, की या घरात त्याच्यामागून लाडू येत नव्हता. कुत्र्याला आपण म्हणणारा माणूस पोटच्या मुलाला या नावानं हाक मारत होता. एखाद्या वेळी नाही, रागात नाही. रोज. पाणी आण करंट्या, जेवायला ये करंट्या.

मी स्पेलिंग सांगायला लागलो. के की सी? शेवटी एक ए की दोन? करंटा की करंट्या? तुम्ही हसाल, पण तिघं जण त्या शब्दाची अक्षरं जुळवत बसलो होतो, सभेचं निवेदन लिहावं तशी. प्रत्येक वेळी काकांना तो शब्द पुन्हा तोंडानं म्हणावा लागत होता. "करंटा. 'ट'ला काना." कुणी मुद्दाम शिक्षा द्यायची म्हटलं असतं तरी ही सुचली नसती.

काकूच पुढं झाल्या. "तो फोनवर हसत होता. म्हणाला, आई, आता माझा पगारच करंटाचा आहे." त्या गणूला म्हणाल्या, "विजेचा करंट लिहितात ना, तसं लिहून बघा."

CURRENT, आणि पुढं एक A.

मशीन उघडलं.

गणूनं टाळी वाजवायला हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. काकांनी रिबीन बसवली, कागद लावला. प्रिंटर किरकिरत एकेक ओळ काढायला लागला. त्या आवाजात मी विचारलंच. मला गप्प बसता येत नाही, ते माझं शिक्षणच नाही.

"काका, शब्द लागतो माणसाला, असं तुम्हीच मला शिकवत होतात ना?"

"आपलं म्हणणं बरोबर आहे," काका म्हणाले.

एवढंच. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. एक पान पूर्ण निघालं, त्यांनी ते छिद्रांच्या रेघेवर फाडलं, आणि मग आपल्याआपणच बोलायला लागले. "दहावीला नापास झाला तेव्हा एकदा तोंडातून गेलं. कोर्टात सगळ्यांना समजलं होतं, शिपायानंसुद्धा विचारलं. घरी आलो आणि म्हटलं. त्या रात्री लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तेव्हा कमी वाटली. मग त्याची हाकच झाली. पुढं तो एवढा शिकला, बोटीवर गेला, तरी मला दुसरं काही म्हणता येईना. सतीश म्हणायला गेलो की परक्या माणसाला हाक मारतोय असं व्हायचं."

"मग ते तर तुम्हाला चांगलं जमतं," काकू म्हणाल्या. "परक्यांशी बोलणं."

काकांनी पुढचं पान फाडलं. मी खाली बघत होतो. अन्यायाविरुद्ध गळा फाडणारे आम्ही दोघं, आणि त्या खोलीत एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. आपण ज्याच्या घरचा चहा पीत होतो त्या घरात काय चाललंय हे आपल्याला दिसू नये, याचीही एक लाज असते. ती पत्रकात मावत नाही.

सोमवारी प्रांत कचेरीत हरकत काका वाचणार होते. आले नाहीत. मीच अडखळत वाचली आणि एकेक मुद्दा मराठीत सांगितला. जिथं जिथं 'प्रस्तावक' आलं तिथं नीट 'प्रस्तावक' म्हटलं. 'पडीक' शब्द नोटिशीतून काढायला साहेब तयार झाले, जमिनी तेवढ्यापुरत्या वाचल्या. गणू पेढे घेऊन काकांकडे गेला, तर काकू विहिरीकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "थांब जरा. सराव चाललाय." काका विहिरीच्या कठड्याशी उभे राहून, शॉर्टहँडच्या परीक्षेला बसल्यासारखे, तोच तोच शब्द म्हणत होते. "सतीश. सतीश. सतीश." गणू पेढे पायरीवर ठेवून परत आला.

काका आता नाहीत. त्यांचं नाव निघालं की लोक त्या "आपण बसावं"ची नक्कल करतात, छान करतात. मी त्यात भाग घेत नाही. मला दुसरंच दिसतं.

त्या वर्षीचा पावसाळा संपला होता. मी एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होतो. मुंबईची गाडी लागली. फलाटाच्या टोकाला काका, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. मुलाला आणायला हा माणूस आजवर कधी आला नव्हता, त्यामुळे सतीश कुणाला शोधत नव्हता. तो उतरला, बॅग खांद्याला लावली आणि रिक्षांच्या दिशेनं चालायला लागला.

"सतीश!"

काकांनी मोठ्यानं हाक मारली. बोरं विकणाऱ्या बाया वळल्या, कंडक्टर वळला, मी वळलो. सतीश वळला नाही. त्याचंच नाव, पण त्या आवाजात त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कुणा सतीशला कुणीतरी बोलावतंय, असं समजून तो चालत राहिला.

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. मी जवळच होतो. तो जुना शब्द ओठापर्यंत आलेला मला दिसला. तो म्हटला असता तर पोरगा जागच्या जागी थांबला असता. काकांनी तोंड मिटलं, धोतराचा सोगा उचलला, आणि गर्दीतून वाट काढत, त्या वयात, ते मुलाच्या मागं धावत सुटले.