खाणींचा नकाशा आणि मामांचा बोअर

भुतंखेतं, करणी, देवऋषी... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नागापूरच्या एमआयडीसीत ड्राफ्ट्समन आहे मी — मोजल्याशिवाय काही मानत नाही. तरी हे लिहितोय.

भिंगारच्या जुन्या बाजारात भंगारवाल्याकडे मला एक नकाशा मिळाला. इंग्रजांच्या काळातला, आफ्रिकेतल्या कुठल्याशा वाळवंटाचा. तांब्याच्या खाणी, डोंगरांच्या तपकिरी रेघा आणि अख्ख्या कागदावर मिळून एकच विहीर. हौसेने हॉलमध्ये लावला.

माझे सासरे — त्यांना मी मामा म्हणतो — पाथर्डीकडे शेती करतात. दोन बोअर कोरडे गेलेले. सासूबाईंना पिण्याचं पाणी जावेच्या विहिरीवरून आणावं लागायचं, आणि त्या दोघींचं बारा वर्षं पटत नाही. मामा आमच्याकडे आले तेव्हा चहा गार होईपर्यंत नकाशासमोर उभे.

"जावईबापू, ह्यो आमचाच डोंगर हाय."

"मामा, ही आफ्रिका आहे."

"आसंल. पर ही सोंड बगा, ह्यो वढ्याचा वाक बगा. हिरीपशी काय लिवलंय?"

"खोली एकशेऐंशी फूट."

पुढे 'पाणी खारं' असंही लिहिलं होतं. ते मी वाचून दाखवलं नाही. आफ्रिकेचं पाणी खारं असो की गोड, मामांना काय करायचंय, असं वाटलं.

मामा नकाशा गुंडाळून घेऊन गेले आणि रविवारी शेतात, नकाशात विहीर होती त्याच जागी, बोअरची गाडी बोलावली. मी मजा बघायलाच गेलो होतो, कबूल करतो. एकशेसत्तर फुटांपर्यंत नुसता फुफाटा. मी रुमालाआड हसतोय... आणि बरोबर एकशेऐंशीला पाणी उसळलं. सासूबाईंना रडू आवरेना. पहिली ओंजळ त्यांनीच तोंडाला लावली — आणि थुंकली. शिवारातल्या सगळ्या विहिरी गोड, हे एकच पाणी खारट.

"नकाशात लिहिलंच होतं तसं," मी बोलून गेलो.

मशीन बंद झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमाला वाचता येत हुतं न्हवं?" मामा शांतपणे म्हणाले. "मग सांगितलं का न्हाई?"

सासूबाई अजून पिण्याच्या पाण्याला जावेकडेच जातात. वाटेत माझा उद्धार करतात, असं बायको सांगते.

आफ्रिकेची विहीर पाथर्डीला कशी लागली, हे मला आजही सांगता येत नाही. मामांना त्याचं नवल नाही, डोंगर त्यांचाच होता. त्यांना एवढंच विचारायचंय, की वाचता येणारा माणूस गप्प का बसला. दर भेटीत विचारतात.