घोगऱ्या आवाजाचं पहिलं संथ गाणं

माझा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत बाईंनी मला प्रार्थनेच्या रांगेतून उचलून मागे उभं केलं होतं. तोच आवाज न्यू वेव्ह नावाच्या इंग्रजी रॉकला मात्र फिट्ट बसला! कीबोर्डची टकटक, खणखणीत ड्रम आणि वर माझं ओरडणं. आठवडाभर आमचं कटलरीचं दुकान, लग्नसराईत आमचा बँड. ड्रमवर माझा नवरा, म्हणजे घरात आणि स्टेजवर, दोन्हीकडे ताल त्याचाच.

मागच्या वर्षी मी गुपचूप बॅलड लिहायला लागले. संथ, मराठी, फक्त गिटारवर. नवऱ्याला ऐकवलं तर म्हणाला, "ड्रम बंद केला त लोकं सरळ पंगतीत जाऊन बसतीन. तुह्या आवाजाले आमीच झाकून राह्यलो." झोंबलंच मला. हा आवाज एकटा उभा राहतो की नाही, ते एकदा बघायचंच, असं मी ठरवून टाकलं.

इचोडा गावातल्या एका लग्नात संधी मिळाली. नवरदेवाच्या वऱ्हाडाची गाडी वाटेत नेरडीगोंड्याजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलेली, अक्षता वाटून झालेल्या, मांडव ताटकळलेला. बँडमधल्या गिटारवाल्याला गाणं आधीच शिकवून ठेवलं होतं; मी त्याला खूण केली आणि सुरू झाले. पहिलं कडवं संपताना शेवटचा सूर लांबवला, आणि अंगावर तांदळांचा मारा! मंगलाष्टकांची सवय, सूर लांबला की हात सुटलेच. नवरदेवाचा पत्ता नाही, नवरी अजून खोलीत, आणि भटजी ओरडतायत, "अहो, थांबा! मुहूर्त कुठाय अजून!"

मांडव खो खो हसत सुटला. माझ्या केसांत तांदूळ, गिटारीत तांदूळ. मला वाचवायला मागे नवऱ्यानं स्टिका उचलल्या. मी हातानंच त्याला थांबवलं आणि दुसरं कडवं घेतलं, आणखी सावकाश. हसू विरलं. वाढपी बादल्या घेऊन तसेच उभे. माझा घोगरा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत एकटा जाऊन पोचला! गाता गाता आनंदानं मला रडूच यायला लागलं.

गाणं संपलं तशा बायका पुढे सरकून "अजून एक, अजून एक" करू लागल्या. नवरा ड्रम सोडून माझ्याजवळ आला. लग्नाच्या बारा वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "आता मी काय वाजवू?"

"तुमी ऐका," मी म्हणाले.