रघूचा मोडका पुतळा

विलासचा फोन आला तेव्हा मी देशपांडे नगरातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. "अण्णा गेले," तो म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, माझा मित्र रघू. मी भर दुकानात रघूला शिवी हासडली. रविवारी भांडायला येतो असं सांगून गुरुवारी जाणं, ही कुठली रीत? दीड महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही.

रघू धारवाडला सप्तापुरात राहायचा, कॉम्प्युटर शिकवायचा. घरी बसून त्यानं एक छोटा गेम लिहिला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर वाक्य येतं, आपण काय करायचं ते टाइप करायचं. 'तू माळावर आहेस. समोर मोडका पुतळा आहे. डोकं नाही, एक हात नाही.' मी लिहिलं, पुतळा बघ. उत्तर आलं, 'बघितलास. त्यानं तुला बघितलं नाही.' मी भोवती फिरलो, चौथऱ्यावर चढलो, गवतात हात सापडला तो चिकटवायला गेलो. 'ठेव तो खाली. सुम्म बस.' गप्प बस म्हणायला आमच्याकडे कानडीच लागतं. शेवटी वैतागून 'शेजारी बस' असं लिहिलं, तर म्हणतो, 'बसलास. आता बोल.' आणि पुढे... काहीही लिहा, नुसती रेघ लुकलुकते. अर्धवट काम म्हणून मी भांडलो. रघू म्हणाला, "पुतळा कधी बोलतो का रे?"

रघूच्या घरी महिन्याच्या श्राद्धाला, मासिकाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर विलासनं जाहीर केलं, अण्णांचा गेम पुरा करून आणलाय. उणकलला घरं बांधतो हा, मोडकं त्याला बघवत नाही. पडदा उजळला आणि माझं माथं भडकलं. पुतळ्याला डोकं, डोक्याला रघूचा चेहरा, गळ्यात हार, मागे बासरीचे सूर. शेजारी बसलं की पुतळा म्हणतो, 'बाळांनो, खूप शिका, मोठे व्हा.' जन्मात कुणाला बाळ न म्हटलेला रघू! नातेवाईक डोळे पुसत होते. आता जुना काढून टाकतो, असं विलास म्हणाला आणि मी उठलो.

"जुन्याला हात लावलास तर याद राख."

"नाटक पुरे करा, नाना. भाऊ माझा होता."

तेही खरंच, म्हणून आणखी चिडलो. तेवढ्यात सुमनवहिनी, रघूची बायको, पुढे आल्या. रघू असताना त्यांनी हा गेम कधी उघडला नव्हता. त्यांनी विलासला खुर्चीवरून उठवलं आणि मला जुना लावायला सांगितला. मी त्यांना पुतळ्याशेजारी बसवून दिलं. 'आता बोल,' पडद्यावर आलं. वहिनींनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, जेवायला चला.

रेघ लुकलुकत राहिली.

"बघा, उत्तरच नाही," विलास म्हणाला. "मी घालून देतो की, वहिनी. 'आलो' म्हणेल."

"नको. एका हाकेत कधी आलेत का ते?"

आणि त्यांनी त्याखाली पुन्हा लिहिलं, जेवायला चला.