भागूबाईची डबी

...न्हाई गं स्नेहल, आधी म्हशीचं लिही, डबीचं मागनं येतंय. देवळालीची भागूबाई एवढी जड झालती की खाली बसता येईना. आन् तिची म्हस तर तिच्याबिगर कुनाला आचळाला हात लावू देईना. म्हस गाभन हुती. ल्योक कानिफनाथ म्हनला, "आई, दिवाळीला म्हस व्यायच्या आत बरी हो, न्हाईतर ती घोडेगावच्या बाजारात."

पुन्याचा डॉक्टर म्हनला, पोट शिवून बारीक करू. भागूबाई लगीच तयार.

पन त्या डॉक्टरला येक नाद. आपल्या आतड्यात डोळ्याला न दिसनारे जंतू आसत्यात म्हनं, दह्यात विरजन आसतं तसे. पोट बारीक केल्यावर तेबी बदलत्यात का, ते त्याला बघायचं हुतं. त्यानं डबी दिली. सकाळची थोडी शी घालून द्या म्हनला.

भागूबाईला लाजंनं मेल्यावानी झालं. परक्या बाप्याच्या हातात ती वस्तू द्यायची? सुनेला म्हनली, "पुष्पे, तू भर. तू काडीवानी, तुझा वासबी यायचा न्हाई."

"आत्याबाई, काडीचा काय न् वंडक्याचा काय, वास येकच," पुष्पावती म्हनली. पन भरली.

आपरेशनच्या दिवशी भागूबाई झगा घालून बसलेली. डॉक्टर कागद हालवीत आला. "मावशी, तुमच्या डबीत जंताची अंडी निघाली. आधी औषध, आपरेशन मग बघू."

मग म्हंजे कवा? तवर म्हस बाजारात! भागूबाई खाटंवरनं उतरलीच. "सायेब, पोट माजं फाडा. औषध हिला द्या. डबी हिची हाय."

सगळा दवाखाना हासला. पुष्पावती पदर तोंडाला लावून दाराआड. डॉक्टरबी हासला, पन म्हनला, "खरी डबी आल्याबिगर सुरी धरत न्हाई." भागूबाईनं मुकाट्यानं आपली भरून दिली. दुसऱ्या दिशी आपरेशन झालं.

दिवाळीपतूर बाई निम्मी झाली की गं. परत डबी दिली, सोताची, ताठ मानंनं. जंतू बदलल्यात म्हनला डॉक्टर. का, ते त्यालाबी अजून उमगंना. भागूबाई म्हनती, आदी गूळ दिसला की ऱ्हावत नव्हतं, आता ताकच ग्वाड लागतंय. आन् औषध घिऊन पुष्पावती अशी भरली, सासूची पोलकी तिलाच बसाय लागली.

म्हस व्याली. भागूबाई तिच्याखाली उकिडवी बसली. म्हशीनं मागं बघितलं. ही बारकी बाई कोन? म्हशीनं तिचा हात हुंगला, पुन्यांदा हुंगला, आन् पान्हा सोडला. चरवी भरून फेस वर आला बघ.

आता माजी भन बनुबाई पुनतांब्याला आसती, तिचं तसलंच आपरेशन ठरलंय. हे वाचनारं कुनी तिकडं जानार आसल, तर तिला येवढं सांगा: डॉक्टर डबी देईल, ती आपली आपन भर, सुनंकडं देऊ नगं.