बाटलीतला पीळ

मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करताना यांना छातीचा आजार जडला आणि हे धुळ्याला घरी परत आले. ट्रंकेत थोडे कपडे आणि पंच्यात गुंडाळलेली काचेची एक बाटली. आत नुसतं स्वच्छ पाणी दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, "मुंबईले जाईसन पानी भरी लयना! धुळामा पानी नव्हतं का?" हे हसले, मग कितीतरी वेळ खोकत राहिले.

मी चौथी शिकलेली. यांच्याशी बोलायलासुद्धा लाजायची. पण दुपारी वाती वळत बसले की हे खाटेवरून आपणहून सांगायचे. त्या पाण्यात प्रथिन विरघळलेलं होतं; दूध-डाळीतलं नव्हे, यांनी स्वतः बनवलेलं. त्याचे धागे डोळ्याला न दिसणारे. पाण्यात ते सरळ राहत नाहीत, कारल्याच्या वेलाच्या तणाव्यासारखा पीळ घेतात.

"वळतं कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही. तुझी वात सोडली की सुटते. हा पीळ आपोआप पडतो आणि टिकतो."

निदान यांना तसं वाटत होतं. खात्री व्हायची होती. पाण्यातून उजेड पाठवायचा आणि तो किती वळतो ते यंत्रावर पाहायचं. यंत्र मुंबईला. पीळ खरा ठरला तर तिथे पुन्हा, यंत्राच्या कामावर, जागा मिळणार होती. नवं प्रथिन बनवणं आता यांच्या हातचं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या वाफांत पुन्हा पाऊल टाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जे होतं ते या बाटलीत. ती देवघराच्या फळीवर, माझ्या वातींशेजारी असायची.

जायचं ठरलं त्याच आठवड्यात दिवसाचं ग्रहण आलं. ग्रहण सुटल्यावर सासूबाईंनी घरातलं भरलेलं पाणी ओतून दिलं. मी हंडे घासून आत आले, तर हे फळीसमोर उभे. बाटली भरलेलीच होती. आत तुळशीचं पान तरंगत होतं.

"तुनं पानी फेकाले मना जीव झाया नही," सासूबाई म्हणाल्या. "म्हनीसन आधीच पान टाकी दिधं. आते त्याले काही व्हनार नही."

यांनी बाटली उजेडाकडे धरली. मला वाटलं, आता ओरडतील.

"बरं करं, माय," एवढंच म्हणाले आणि आडवे झाले.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "अहो, पान काढून टाकलं तर?"

"पानाचा रस उतरलाय त्यात. आता उजेड वळला तरी कशामुळे वळला, ते कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाहेर गेलेल्या असताना यांनीच ती बाटली मोरीत उपडी केली. मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही. दुपारी मी वाती वळायची, हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सासूबाई सांगायच्या की लेकाचं मुंबईचं पाणी त्यांनी वाचवलं. यांनीही ते खोडलं नाही, मीही नाही.

पुढच्या ग्रहणाला सासूबाई तुळशीचं पान घेऊन खाटेपाशी आल्या. "भाऊ, तुनी बाटली कोठे शे?"

मी पान त्यांच्या हातून घेतलं आणि पिण्याच्या पाण्यात टाकलं.